सिंधुबंदी अजून उठायची आहे

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय अटलांटिक महासागराच्या पोटात उतरले. ५ ऑगस्टला राजू रमेश ४,०२५ मीटर खोलीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी नौदलातून निवृत्त झालेले कमांडर जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटर खाली जाऊन सुखरूप वर आले. तीन कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी तिसरीचा माथा पाण्याबाहेर दिसणार नाही, एवढी ही खोली. भारताच्या समुद्रयान मोहिमेची ही पूर्वतयारी होती. आपल्याकडे मात्र ही बातमी एखाद्या चौकटीत आली आणि विरली. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला धनाढ्य प्रवाशांना घेऊन निघालेली ‘टायटन’ ही खासगी पाणबुडी बेपत्ता झाली होती, तेव्हा आपल्याच वाहिन्यांनी चार दिवस आत प्राणवायू किती तास उरला आहे याचे घड्याळ पडद्यावर लावून ठेवले होते. परक्यांच्या हौसेचा अपघात आमच्या घराघरांत पोहोचतो. स्वकीयांचा पराक्रम उंबरठ्याबाहेरच थांबतो.

आणि ज्यांच्या कानावर तो जातो त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याचा आम्हाला उपयोग काय? माणदेशात पिण्याच्या पाण्याची वानवा, जत आणि आटपाडीत चाऱ्याची चिंता, आणि सरकार समुद्राच्या तळाशी माणसे पाठविण्यात कोट्यवधी रुपये घालवीत आहे! व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून आणि अग्रलेखांतून हा प्रश्न असा काही विचारला जातो, की विचारणाऱ्याच्या पदरात गरिबांच्या कळवळ्याचे पुण्य आपोआप पडावे. हा कळवळा नवा नाही. अग्निबाणाच्या वेळी हेच म्हटले गेले, उपग्रहाच्या वेळी हेच, चांद्रयानाच्या वेळीही हेच. ज्या उपग्रहांना तेव्हा नावे ठेवली गेली, त्यांनीच टिपलेली ढगांची चित्रे पाहून आज माणदेशातला शेतकरी पेरणीचा विचार करतो. मात्र टीकाकारांपैकी कोणी आपले शब्द मागे घेतल्याचे ऐकिवात नाही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या मोजून दाखविल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. समुद्र ओलांडणे हे पाप, ही समजूत कधीकाळी धर्मशास्त्राच्या नावाने आमच्या माथी बसली. ती रूढी म्हणून गेली. आज सातारा-सांगलीतल्या घराघरांतली मुले अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात आहेत. पण समुद्र म्हणजे विमानातून ओलांडायची निळी पट्टी, यापलीकडे आमची दृष्टी गेलेली नाही. समुद्राला आम्ही आजही आपल्या राष्ट्रजीवनाचा भाग मानीत नाही. शास्त्र्यांनी घातलेली सिंधुबंदी उठली. मनाने घातलेली कायम आहे.

या अनास्थेची किंमत याच मातीने एकदा मोजली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी डोंगरी राज्य असताना आरमार उभारले, सिंधुदुर्ग बांधला. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रे यांना साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या पक्षात आणले आणि त्यांचे सरखेलपद मान्य झाले. ज्या साताऱ्याहून समुद्र दिसतही नाही, त्या साताऱ्याच्या गादीचा धाक पश्चिम किनाऱ्यावर चालत होता. आणि पुढे? १७५५ मध्ये सुवर्णदुर्गावर आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले, आणि वॉटसन व क्लाईव्ह यांनी मराठ्यांचे जळते आरमार विजयदुर्गाच्या खाडीत डोळे भरून पाहिले. तुळाजी मोठा शिरजोर होता, हे मान्य. पण घरातला शिरजोर भाऊ वठणीवर आणण्यासाठी दरोडेखोराला घरात बोलावीत नाहीत. अटकेपार गेलेल्या घोड्यांचा अभिमान आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितला. जळालेल्या गलबतांचा हिशेब कोणी मांडला नाही.

ज्यांनी विजयदुर्गाखाली ती होळी पेटविली, त्यांच्याच आरमाराचे ‘चॅलेंजर’ हे जहाज १८७२ मध्ये जगभरच्या समुद्रांचा तळ चाचपायला निघाले. चार वर्षांच्या त्या सफरीत त्यांनी तळावरचे मँगनीजचे काळे गोटे वर काढले, आणि १८७५ मध्ये पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत दोर सोडून आठ किलोमीटरहून अधिक खोली मोजली. तिथल्या सर्वांत खोल जागेला आज चॅलेंजरचेच नाव आहे. जवळपास अकरा किलोमीटर खोल. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्त’मधून तिथे प्रथम उतरले. २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन एकटा गेला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या ‘फेनदोउझे’ या यानाने तीन माणसे १०,९०९ मीटरपर्यंत नेऊन आणली.

नावांचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. आपल्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या तळाशी एक प्रचंड पर्वतरांग पसरली आहे. तिचे नाव काय? कार्ल्सबर्ग. डेन्मार्कमधील बिअर गाळणाऱ्या उद्योगाच्या न्यासाने १९२८ ते १९३० च्या संशोधन सफरीला पैसा पुरविला आणि आमच्या अंगणातल्या डोंगराला मद्याच्या कारखान्याचे नाव चिकटले. श्रीलंकेच्या दक्षिणेला कोबाल्टने समृद्ध असा एक बुडालेला पर्वत आहे. त्याचे नाव अफनासी निकितिन. हा पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी, आपल्या कोकणात चौल बंदरी उतरलेला. म्हणजे चौलला आलेला पाहुणा समुद्राच्या तळावर अमर झाला, चौलच्या यजमानांचे नाव कुठेच नाही. यात डेन्मार्कचा किंवा रशियाचा काही अपराध नाही. तळ शोधतो त्याला नाव ठेवण्याचा मान मिळतो, हा जगाचा रिवाज आहे. आमच्या शास्त्रज्ञांनी तळ शोधला तेव्हा अरबी समुद्रात रामन यांच्या नावाची रांग आणि वाडिया यांच्या नावाचा पर्वतही आला. २०२४ मध्ये हिंदी महासागरात भारताने सुचविलेली अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही नावे स्वीकारली गेली. पाठ्यपुस्तकात मात्र यांपैकी एकही नाव शोधून सापडणार नाही.

आता उपयोगाचे बोलू. कारण टीकाकाराला अभिमानाची भाषा आवडत नाही, हिशेबाची आवडते.

२६ जानेवारी १९८१ रोजी, प्रजासत्ताकदिनी, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून ते काळे गोटे प्रथम वर काढले. १९८७ मध्ये भारताला आंतरराष्ट्रीय समुद्रतळाच्या संदर्भात ‘अग्रणी गुंतवणूकदार’ हा दर्जा मिळाला. जगात तो सर्वांत आधी भारतालाच मिळाला. आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचा तळ शोधकार्यासाठी भारताकडे आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे क्षेत्रफळ होते, त्याच्या तिपटीहून अधिक. तिथे ३८ कोटी टन गोटे असल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यांत मँगनीज आहे, तांबे आहे, निकेल आहे आणि कोबाल्ट आहे. शेवटचे दोन धातू विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांना लागतात, आणि त्यासाठी आज आम्हाला परदेशांच्या तोंडाकडे पाहावे लागते.

पण हा तळ आमच्या मालकीचा नाही. तो कराराने मिळाला आहे. २००२ च्या मार्चमध्ये पंधरा वर्षांसाठी करार झाला. २०१७ मध्ये पाच वर्षांची वाढ मिळाली, २०२२ मध्ये पुन्हा पाच वर्षांची. त्या वाढीची मुदत मार्च २०२७ अशी आहे. कुळाने जमीन कसली नाही तर काय होते, हे कृष्णाकाठच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. शेजारचा वहिवाटदारही झोपलेला नाही. नैऋत्य हिंदी महासागरातील कटकावर १० हजार चौरस किलोमीटरचा करार चीनने २०११ मध्येच केला आणि तिथे २०१४-१५ मध्ये ‘जिआओलोंग’ हे आपले समानव यान उतरविलेही. हिंदी महासागर नावाने आमचा. त्याच्या तळाशी माणूस घेऊन गेलेले यान मात्र बीजिंगचे!

खर्चाचा बाऊ करणाऱ्यांसाठी एकच तुलना. १६ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या खोल सागर मोहिमेचा पाच वर्षांचा खर्च ४,०७७ कोटी रुपये. यात केवळ पाणबुडी नाही. हवामानबदलाचा अभ्यास, खोल पाण्यातील जीवसृष्टी, खनिजांचे सर्वेक्षण, समुद्रातून ऊर्जा आणि गोडे पाणी, असे सारे आहे. सातारा, सांगली आणि सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांसाठीच्या एकट्या टेंभू उपसा सिंचन योजनेचा सुधारित खर्चही चार हजार कोटींच्या पुढे गेला. टेंभूचा प्रत्येक रुपया योग्य आहे, उशिरा मिळाला हीच तक्रार आहे. पण जो देश आगरकरांच्या टेंभू गावाशेजारून पाणी उचलण्यासाठी एवढी रक्कम उभी करतो, तो साऱ्या महासागरासाठी तेवढीच करतो, यात उधळपट्टी कोठे आली? टेंभूचे पाणी आणि समुद्राचा तळ यांत एकाचीच निवड करा, असे या देशाला कोणी सांगितले?

शिवाय समुद्र आमच्यापासून दूर आहे हीच मुळात चुकीची समजूत. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते, हरिपूरच्या संगमावर वारणेला पोटात घेते आणि साताऱ्या-सांगलीची काळी माती घेऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या शेतांची सुपीकता हजारो वर्षे त्या तळावर थरावर थर साठत आली आहे. आणि जो पाऊस २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत घराघरांत पाणी घेऊन आला, तो काही सह्याद्रीत जन्मला नव्हता. पाणबुडी उतरली की कृष्णेचा पूर ओसरेल, असला भाबडा दावा येथे कोणी करीत नाही. पण ज्या समुद्राच्या उष्णतेवर आमचा मोसमी पाऊस अवलंबून आहे, त्याच्या वरच्या पदराखाली काय घडते याचे अज्ञान बाळगून आम्ही पुराचे अंदाज कसे बांधणार?

खोल जाणे म्हणजे काय, हे याच दोन जिल्ह्यांनी फार जवळून पाहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्याने पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. धरणाच्या जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेवरून अभ्यासला. पुढे १९८५ नंतर शिराळा तालुक्यातल्या चांदोलीला वारणेचे पाणी साठू लागले आणि धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे सरकले. चाळीस-पंचेचाळीस वर्षे आम्ही वरून यंत्रे लावून बसलो. अखेर प्रश्न पडला तो हाच, की जे खाली घडते ते वरून किती कळणार? म्हणून कातळात विवरे पाडली गेली. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. सव्वा किलोमीटर काळा पाषाण भेदून त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी आहे. ती कोणत्या मंत्रालयाची? पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची. समुद्रयानही त्याच मंत्रालयाचे. कोयनेचा कातळ आणि हिंदी महासागराचा तळ यांचा शोध एकाच घराच्या दोन खोल्यांतून चालला आहे, आणि कऱ्हाडच्या किती प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेले, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे. सहा किलोमीटरच्या विवराची भाषा कित्येक वर्षे चालू आहे. त्याचे काय झाले, हे विचारण्याचे काम आमच्या लोकप्रतिनिधींचे. साखर कारखान्याच्या निवडणुकीतून सवड झाली तर ते विचारतीलही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. विवरात यंत्रे सोडता, माणूस सोडत नाही. मग समुद्रातच माणूस कशाला? चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे मानवरहित यंत्र २०१० मध्येच मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत जाऊन आले आहे. बहुतेक कामे यंत्रेच करतात, पुढेही करतील. १९७७ मध्ये गालापागोसजवळ तळावरचे उष्ण झरे आणि सूर्यप्रकाशावाचून जगणारी सृष्टी सापडली, तेव्हाही दोराने ओढलेल्या कॅमेऱ्याने पहिला सुगावा दिला होता. पण त्यामागोमाग ‘अल्विन’मधून माणसे उतरली, आणि जीवसृष्टीसंबंधीचे विज्ञानाचे विचारच बदलले. कॅमेरा दाखवतो ते पाहता येते. काय पाहायचे हे माणूस ठरवतो.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. सहा हजार मीटरखाली दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे सहाशे किलोचा दाब असतो. नखाएवढ्या जागेवर सहा क्विंटल! हळदीची पोती वाहणाऱ्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हमालाला याचा अर्थ पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाशिवाय कळेल. तो दाब सोसणारा, तीन माणसे बसतील असा, आतून २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल ‘मत्स्य ६०००’साठी भारतात घडवायचा आहे. दोन अर्धगोल असे जोडायचे की सांधा हा कच्चा दुवा उरू नये. इस्रोच्या अभियंत्यांनी त्या जोडकामासाठी शेकडो चाचण्या केल्या. ‘टायटन’ची कवच-नळी कार्बन तंतूंची होती, जाणकारांनी दिलेले इशारे तिच्या चालकांनी मानले नाहीत, आणि पाच जण क्षणार्धात गेले. शिस्त आणि धाडस यांत फरक असतो तो असा. एवढ्या जाडीचे टायटॅनियम जोडण्याची विद्या कोणी कोणाला देत नाही. ती ज्याला येते त्याला संरक्षणातले, अवकाशातले आणि अणुऊर्जेतले आणखी दहा दरवाजे उघडतात. पाणबुडी हे निमित्त आहे. माणूस तळाशी पाठवायचा म्हटल्यावर चूक करण्याची सोय राहत नाही, म्हणून ती विद्या पूर्ण शिकावी लागते.

म्हणूनच ऑगस्ट २०२५ च्या आनंदात एक खंतही आहे. आमचे दोघे वीर ज्यातून उतरले ते ‘नोतील’ हे यान फ्रान्सचे, १९८४ पासून वापरात असलेले. शिकण्यासाठी दुसऱ्याच्या यानात बसण्यात कमीपणा नाही. पण ‘मत्स्य’ची घोषणा करताना सांगितलेले वेळापत्रक पाळले गेले नाही, हेही लिहिले पाहिजे. २०२५ च्या आरंभी चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात पाण्यातल्या चाचण्या झाल्या. बंदरातले पाणी आणि सहा किलोमीटर पाणी यांतले अंतर सत्कारसमारंभांनी भरून निघत नाही. सरकार कोणाचेही असो, हे विचारले गेलेच पाहिजे.

आणि थोडे स्वकीयांनाही. असा विषय निघाला की आमच्यातलेच काही जण समुद्रमंथनाचा दाखला देतात आणि पाणबुड्या पूर्वजांकडे होत्याच असे ठोकून देतात. समुद्रमंथनाची कथा थोर आहे, पण तिच्यातून घ्यायचे ते घेतले जात नाही. त्या कथेत रत्ने घरबसल्या मिळाली नाहीत. मेरूएवढा पर्वत उचलून आणावा लागला, आणि अमृताआधी हलाहल निघाले. पूर्वजांनी सर्व काही केले होते असे म्हणणारा आणि आपल्याला यातले काही नको असे म्हणणारा, दोघेही अखेर पलंगावरच पडून राहतात.

हलाहलाचा उल्लेख सहज केलेला नाही. खोल समुद्रातून खनिजे काढण्याला पर्यावरणवाद्यांचा विरोध आहे आणि येथे त्यांना झिडकारून चालणार नाही. तळावरचा एक गोटा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षे लागतात. १९८९ मध्ये पेरूजवळच्या तळावर प्रयोगादाखल ओढलेल्या नांगराच्या खुणा पंचवीस वर्षांनंतरही जशाच्या तशा होत्या. आमच्या शास्त्रज्ञांनीही १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात असाच प्रयोग करून परिणाम अभ्यासले आहेत. तेव्हा उद्याच खणायला लागा असे कोणी म्हणत असेल, तर त्याला आमचाही विरोध राहील. पण खणू नये हे ठरविण्यासाठीही खाली काय आहे ते पाहावे लागते. तळ न पाहता ‘हात लावू नका’ म्हणणारे आणि तळ न पाहता ‘उपसा’ म्हणणारे यांच्यात निर्णय द्यायचा तर साक्षीदार आपला हवा. जमैकातील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणात हे नियम ठरतात. तिथे ज्याच्याकडे तळाची स्वतःची माहिती आहे, त्याचेच ऐकले जाते.

या भागाला यंत्रांचे वावडे कधी नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला होता. त्याच किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि पाणी ढकलणारे पंप तिथून देशभर गेले. हजारमाचीच्या शेजारच्या ओगलेवाडीने प्रभाकर कंदील घडवून विलायती कंदिलाला हुसकले. कोयनेच्या शिवसागराखालून बोगदा नेऊन १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशय आतून फोडण्याचा प्रयोग झाला, नॉर्वेच्या धर्तीवर, भरल्या पाण्याखाली. ज्यांनी हे केले त्यांच्या मुलांना ‘मत्स्य’च्या सांध्यांचे, झडपांचे, पंपांचे काम का जमू नये? कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय यांनी चेन्नईच्या संस्थेशी याविषयी स्वतःहून पत्रव्यवहार सुरू करावा. निमंत्रणाची वाट पाहू नये. दाबाखालच्या धातूंचा आणि जोडकामाचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम दोन्हींकडे सुरू करता येईल. आणि तोवर पहिली सहल हजारमाचीला काढावी. कऱ्हाडच्या स्थानकावरून तिथे जायला फार वेळ लागत नाही.